जयूचे मीठ

माझी नणंद जयू उज्जैनच्या फ्रीगंजमधल्या मुलींच्या शाळेत भूगोल शिकवायची. फळ्याकडे पाठ करून, वर्गाशी बोलता बोलता, ती हात मागे नेऊन मध्य प्रदेशाचा नकाशा काढत असे. ही करामत तिने घरी कधी कुणाला दाखवली नाही. मी पोस्टाच्या रांगेत उभी असताना तिच्या एका जुन्या विद्यार्थिनीने ती मला सांगितली. घरी येऊन मी जयूला विचारले तर म्हणाली, "त्यात काय, वहिनी. राज्य जागचं हलतं थोडंच."

माझे सासरे रेल्वेच्या नोकरीसाठी भुसावळहून उज्जैनला आले आणि इथलेच झाले. मी लग्न होऊन माधव नगरच्या घरात आले तेव्हा जयू सोळा वर्षांची होती. ती घरात मराठी बोलायची, फाटकाबाहेर हिंदी आणि भांडताना दोन्ही. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली. माझे मराठी तिला धडा वाचून दाखवल्यासारखे वाटे. "वहिनी रागावल्या तरी स्वल्पविराम सोडत नाहीत," असे ती माझ्या नवऱ्याला सांगायची.

तिचे लग्न झाले ते भय्यासाहेबांशी. त्यांचे पूर्वज शिंदे सरकारच्या पदरी दप्तरात होते. सरकार गेले, दप्तर गेले, पण घरातल्या थोरल्या मुलाला भय्यासाहेब म्हणायची रीत राहिली. हे भय्यासाहेब बँकेत कारकून होते आणि सायकलने कामावर जात. जयू त्यांना माणसांसमोर "सरकार" म्हणून चिडवत असे आणि ते तिला "जयूबाई" म्हणत. आमच्यापासून चार गल्ल्यांवर त्यांचे घर होते, सासू अक्कांसह.

त्यांची मुलगी मृण्मयी झाली १९८८ साली. बाळंतपण नीट पार पडले. तिसऱ्या आठवड्यात जयूची झोप उडाली. तिला त्याचा त्रास वाटत नव्हता. ती म्हणायची, इतके बरे मला आयुष्यात कधी वाटले नाही. तिने घरातली भांडी घासून लख्ख केली, मग शेजारची मागून आणून घासली. बोलणे इतके वेगाने की शब्द एकमेकांवर चढत. एका दुपारी सगळे जेवून लवंडलेले असताना ती बाळाला घेऊन बाहेर पडली. संध्याकाळी स्टेशनवर एका अनोळखी बाईजवळ बाळ सापडले. त्या बिचारीने गाडी चुकवून त्याला सांभाळले होते. जयूने तिला सांगितले होते, "ज़रा पकड़ना बहन, मैं नर्मदाजी को लेकर आती हूँ."

जयूला इंदूरला नेले. पहिल्या दवाखान्यात दिलेल्या इंजेक्शनांनी ती शांत झाली, पण मान एका बाजूला वळून राहिली, डोळे वर चढले, जीभ जड झाली. अक्कांना वाटले अंगात आले आहे. ते औषधाने होते आणि त्यावर उताऱ्याची गोळी असते, हे आम्हाला दोन दिवसांनी समजले. बाळ आठ महिने माझ्याकडे होते.

मग एका वयस्क डॉक्टरांनी लिथियम सुरू केले. अक्कांनी त्यांना विचारले, ही डोक्याची गोळी आहे का. ते हसून म्हणाले, "माताजी, डरिए मत. ये नशे की या नींद की गोली नहीं है. एक कुदरती नमक है, ज़मीन से निकलता है. बस, खून में इसकी मात्रा नापते रहना पड़ेगा."

अक्कांनी त्यातले नमक तेवढे लक्षात ठेवले. सुनेला वेडाची गोळी चालू आहे असे म्हणण्यापेक्षा मीठ चालू आहे असे म्हणणे त्यांना जमण्यासारखे होते. तेव्हापासून त्या घरात गोळीला मीठ म्हणू लागले. पाहुणे जेवायला बसलेले असले तरी भय्यासाहेब बिनदिक्कत विचारत, "जयूबाई, मीठ?" आणि ती मान हलवी. एकदा त्यांचे एक मामेभाऊ म्हणाले, "अहो, भाजीत आहे की भरपूर." जयूला ठसका लागला. ती हसू दाबत आत पळाली आणि गोळी घेऊनच बाहेर आली.

त्या गोळीने जयूला पुन्हा उभे केले हे मी पाहिले आहे. ती शाळेत परत गेली, घर चालवले, अक्कांचे शेवटचे आजारपण काढले. सुरुवातीच्या वर्षांत, आपण आता बऱ्या झालो असे वाटून तिने एकदाच गोळी आपल्या मनाने बंद केली. दीड महिन्यात पुन्हा तीच उधळण, तेच इंदूर. त्यानंतर भय्यासाहेबांनी गोळी स्वतःकडे घेतली. सकाळी चहानंतर आणि रात्री जेवणानंतर ते तळहातावर गोळी आणि दुसऱ्या हातात पाण्याचा पेला घेऊन उभे राहत. गोळी चुकता कामा नये, हा त्या घराचा एकच कायदा होता.

गोळीचे जे त्रास होते ते जयू फारसे बोलून दाखवत नसे. तिला सतत तहान लागे. वर्गात ती पाण्याची मोठी बाटली नेई आणि तासाला दोनदा बाहेर जाई. अंग सुटले. पुढे थायरॉइडची गोळी मागे लागली. हाताला बारीक कंप आला आणि फळ्यावरची रेघ थरथरू लागली. मुली म्हणायच्या, "दीदी की नर्मदा नाचती है." हे तिनेच मला हसत सांगितले, पण त्यानंतर तिने वर्गात छापील नकाशा टांगायला सुरुवात केली.

एकदा आम्ही दोघी मटार सोलत बसलो होतो. ती म्हणाली, "वहिनी, पूर्वी आनंद झाला की अंगभर कळायचं. आता आनंद झाला आहे अशी बातमी येते." आणखी एक शेंग सोलून तीच म्हणाली, "चालतं. बातमी तरी येते."

तिला खरे दुःख होते ते वेगळेच. आजारातून परत आल्यावर मृण्मयीला तिच्या मांडीवर दिले की कुणीतरी जवळ बसायचे. अक्का गहू निवडायला घेत, मी विणकाम आणी. आम्ही उगीच इकडचे तिकडचे बोलत असू. मूल चालायला लागले, बोलायला लागले, तरी त्या दोघींनाच सोडून कुणी बाहेर गेले नाही. जयूने कधी हरकत घेतली नाही. तिला कळत होते, आणि तिला कळते हे आम्हालाही माहीत होते.

मृण्मयी मोठी झाली, इंदूरला नोकरीला लागली, तिथेच निखिलशी लग्न झाले. दोन वेळा दिवस राहून गेले. २०२३ मध्ये, पस्तिशीत, पुन्हा दिवस राहिले आणि या वेळी टिकले. पाचवा महिना लागल्यावर ती आईला भेटायला आली. मीही तिथे होते.

"आई, बाळंतपणाला मी इथेच येणार," ती म्हणाली. "आणि तीन महिने राहणार. मला झोप काढायची आहे. बाळ तुझ्याकडे."

"माझ्याकडे म्हणजे?"

"म्हणजे तुझ्याकडे. मी खोलीत झोपणार, बाबा बाजारात जाणार, मामी त्यांच्या घरी. तू आणि बाळ."

जयूने उठून कणीक भिजवायला घेतली. मृण्मयी गेल्यावर मला म्हणाली, "ऐकलंत ना वहिनी? पहारा नाही म्हणाली." तिच्या आवाजात त्या दिवशी नुसती बातमी नव्हती.

आषाढी एकादशीला तिने नेम जाहीर केला. भय्यासाहेब पेपर वाचत होते.

"मी चातुर्मासभर मीठ सोडणार आहे. मृण्मयीचं सुखरूप होईपर्यंत."

भय्यासाहेबांचा पेपर खाली आला. "कुठलं मीठ?"

"खायचं हो. गोळीचं नाही."

"गोळी सोडायची नाही, जयूबाई. देवाला काय म्हणायचं ते मला म्हणू दे."

"पण गोळीही मीठच ना?" ती खरोखर अडचणीत पडली होती. "मग नेम मोडतो की काय?"

त्यांनी तिच्यासमोर गुरुजींना फोन लावला. गुरुजी म्हणाले, औषधाला नेम लागत नाही, ताईंनी गोळी बेलाशक घ्यावी. भय्यासाहेबांचा जीव भांड्यात पडला. मी विचारले, उपासाला चालते ते सैंधव तरी घेशील ना. जयू म्हणाली, "अळणी म्हणजे अळणी."

"असू दे, वहिनी," भय्यासाहेब म्हणाले. "तिच्या पोटात सकाळ-संध्याकाळ मीठ जातंच आहे. वरचं नसलं तर बीपी उतरेल."

आम्ही तिघेही हसलो. आम्हाला धास्ती होती ती गोळी सुटण्याची. ती सुटणार नव्हती. वर्षानुवर्षे ज्या एका गोष्टीची राखण केली ती शाबूत होती, आणि दुसरीकडे बघायचे कुणाला सुचले नाही. पूर्वी दर तीन महिन्यांनी रक्त तपासत. मग सहा महिन्यांनी, मग इंदूरला जाणे होईल तेव्हा. ते वयस्क डॉक्टर वारल्यावर तर जुन्या चिठ्ठीवरच औषधे येत होती. इतकी वर्षे सगळे ठीक होते.

त्या वर्षी अधिक श्रावण आला, म्हणून चातुर्मास पाच महिन्यांचा झाला. जयू म्हणाली, बरेच झाले, पुण्य जास्त. अळणी वरण, अळणी दुधी, भातावर ताक. सुरुवातीला घशाखाली उतरेना, मग सवय झाली. बाळासाठी ती दुपटी शिवत होती. निज श्रावणात तिचे टाके वेडेवाकडे पडू लागले. उसवायची, पुन्हा घालायची. चहाचा कप बशीवर वाजायला लागला. हाताला कंप तर तिला कायमच होता, आम्ही म्हटले उपासाचा अशक्तपणा.

गौरी बसल्या त्या दिवशी तिला जुलाब सुरू झाले. दुसऱ्या दिवशी उलट्या. भय्यासाहेबांनी औषधाच्या दुकानातून पाण्यात घालायची ओआरएसची पुडी आणली. दुकानदार त्यांच्या ओळखीचा, म्हणाला, "भाभीजी को दिन भर पिलाते रहो, ठीक हो जाएँगी." जयूने चष्मा लावून पुडीवरचे छापील वाचले. शिक्षिका होती ती.

"सोडियम क्लोराइड," ती म्हणाली. "हे मीठच की."

"औषधाला नेम लागत नाही, गुरुजी बोललेत," भय्यासाहेब म्हणाले.

"ते गोळीला. हे मीठ आणि साखर आहे. मी लिंबाचं सरबत घेते, नुसतं साखरेचं."

मीही आग्रह केला. ती म्हणाली, "आता दोनच महिने राहिलेत, वहिनी. इतकं केलं ते पाण्यात घालू?" पुडी फडताळात गेली. गोळी मात्र वेळच्या वेळी चालू होती. एकदा गोळी घेतल्यावर लगेच उलटी झाली, तेव्हा भय्यासाहेबांनी, वाया गेली असेल म्हणून, आणखी एक दिली.

तिसऱ्या दिवशी सकाळी तिला पलंगावरून उठता येईना. पाय ठेवी तिथे पडत नव्हता. शब्द जाड होऊन येत होते. मला बघून म्हणाली, "अक्का, पोर कुठंय?" भय्यासाहेब बाजूला येऊन मला म्हणाले, "वहिनी, जुनं उलटलं. गोळी देऊनसुद्धा उलटलं." आम्ही गाडी करून इंदूर गाठले. मृण्मयी आठव्या महिन्यातली, आमच्या आधी दवाखान्यात पोचली होती.

तिथली डॉक्टर तरुण मुलगी होती. तिने जयूचे गुडघे ठोकून पाहिले, हात पुढे करायला लावले, औषधांची चिठ्ठी वाचली आणि रक्त पाठवले. मग बाहेर येऊन तिने भय्यासाहेबांना विचारले, "अंकल, इन्होंने नमक कम किया था क्या?"

"नहीं मैडम," ते ठामपणे म्हणाले. "नमक का एक दिन भी नागा नहीं हुआ. मैं अपने हाथ से देता हूँ."

"खाने में?"

"खाने के बाद. सुबह चाय के बाद और रात को."

ती त्यांच्याकडे बघत राहिली. "मैं दाल-सब्ज़ी का नमक पूछ रही हूँ."

मृण्मयी म्हणाली, "वो तो बंद है. जून से. मेरे लिए व्रत रखा है."

त्या मुलीने डोळे मिटून घेतले. मग ती खुर्ची ओढून बसली आणि हळूहळू समजावून सांगितले. अन्नातून मीठ येईनासे झाले, वरून जुलाबात आणि उलटीत होते तेही गेले, की मूत्रपिंड मिठासारखे जे मिळेल ते धरून ठेवते. लिथियम त्याला मिठासारखेच वाटते. जी गोळी रोज घेऊन रोज बाहेर पडायची ती आत साचत गेली. "किडनी फ़र्क नहीं कर पाती, अंकल. उसने इसी को नमक समझकर रोक लिया."

भय्यासाहेब म्हणाले, "हम लोग भी इसको नमक ही बोलते हैं." बोलताना त्यांचे हात जोडलेले होते. कुणाला जोडले होते कोण जाणे. डॉक्टर म्हणाली, "ये आपको किसी ने बताया नहीं होगा." सांगितले असेलही, पस्तीस वर्षांपूर्वी, ज्या दिवशी अक्कांनी एकच शब्द घरी आणला त्या दिवशी.

गॅलरीत मृण्मयी माझ्यावर ओरडली नाही, पण हळू आवाजात जे बोलली ते ओरडण्यापेक्षा वाईट होते. "मामी, मी मागितलं होतं का हे तिच्याकडे? मी तिच्याकडे फक्त ती मागितली होती."

दोनदा डायलिसिस झाले. चौथ्या दिवशी जयूने आम्हाला ओळखले. तोंडातून शब्द निघायला फार वेळ लागत होता. वर टांगलेल्या बाटलीकडे बघून तिने विचारले, "ह्यात... मीठ?"

भय्यासाहेब म्हणाले, "थोडंसं आहे."

"नेम?"

"नेम पावला, जयूबाई. मृण्मयी ठणठणीत आहे. देवाने सांगितलंय, आता पुरे."

तिने त्यांच्याकडे बराच वेळ पाहिले. पुढे तिला सगळे कळले, मृण्मयीनेच सांगितले. ती रडली नाही. तिने एवढेच विचारले की आपली जीभ आणि पाय कधी सुटतील. डॉक्टरने खोटे सांगितले नाही. मेंदूचा जो भाग तोल सांभाळतो त्याला इजा झाली होती. काही महिने वाट पाहायची, जे परत येईल ते येईल. लिथियम पुन्हा कधीच नाही. दुसरी गोळी सुरू केली. तिने झोप फार येते आणि केस विंचरले की कंगव्यात गुंतून येतात. ती जयूला धरून ठेवेल की नाही हे अजून कळायचे आहे. आता दर महिन्याला रक्त तपासतात, आणि ह्या गोळीला तिच्या छापील नावानेच हाक मारतात.

नोव्हेंबरात मृण्मयीला मुलगी झाली, इंदूरलाच. उज्जैनला यायचे ठरले होते ते कुणी पुन्हा काढले नाही. बारशाला आम्ही जयूला चाकांच्या खुर्चीतून नेले. पाळणा झेंडूने सजवला होता. पाळण्याच्या दोन बाजूंना दोघी उभ्या राहून बाळाला वरून खालून देतात-घेतात, तिथे निखिलच्या आईने आपल्यासमोर जयूसाठी जागा सोडली. बाई चांगल्या मनाच्या. म्हणाल्या, "आजी पलीकडे हव्यात. खुर्चीवरूनच घ्या, मी अगदी हळू देते."

जयूने दोन्ही हात पुढे केले. ते पदराबाहेर आले आणि हवेत मोठाले हेलकावे खाऊ लागले. तो पूर्वीचा बारीक कंप नव्हता. जमलेल्या बायका बोलायच्या थांबल्या. जयूने हात मागे घेतले, मांड्यांखाली घातले आणि त्यांवर बसून राहिली.

"वहिनी," ती म्हणाली. "तुम्ही... उभ्या राहा."

मी उभी राहिले. बाळ माझ्या हातात आले आणि गेले. आत्याने कानात नाव सांगितले, ईरा. पेढे वाटले गेले.

जेवणे झाल्यावर मृण्मयी बाळाला घेऊन आईच्या खुर्चीपाशी जमिनीवर बसली. "घे ना आई. मी धरते खालून. कुणी बघत नाहीये."

जयूने मान हलवली. मग एकेक शब्द जुळवत म्हणाली, "तू... झोपायला जायचं... नाही. बाळ माझ्याजवळ... असताना. वचन दे."

"आई, काय बोलतेस."

"दे."

मृण्मयीने दिले. मग जयूने हात बाहेर काढले आणि आम्ही बाळाला तिच्या मांडीवर ठेवले. मृण्मयीचे हात बाळाखाली होते, भय्यासाहेबांनी जयूचा उजवा कोपर धरला होता आणि मी डावा. ईरा झोपेत होती. जयूने खाली वाकून तिचा वास घेतला, आणि थोड्याच वेळात, हात दमायच्या आधी, उचला म्हणाली.